४१२ कॅसेट, ३८ हजार फाइली आणि एक वही : हा संग्रह लावावा कसा?

प्रश्न : अनाहत (टिळकनगर, इंदूर)

नमस्कार. माझे सासरे गेल्या वर्षी निवर्तले. त्यांच्या मागे लोखंडी कपाटात ४१२ कॅसेट, दीडशेच्या आसपास सीडी आणि एक जाड वही राहिली आहे. वहीत प्रत्येक कॅसेटचा क्रमांक आणि तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे याची नोंद आहे. काही ठिकाणी दिवस व महिना आहे, पण वर्ष बहुधा नाहीच. आणि जागोजागी ‘शनि. रा. का.’, ‘मा. हा.’, ‘दे. प्रत’ अशी त्यांची त्यांनाच कळणारी संक्षिप्त अक्षरे आहेत.

काही वर्षांपूर्वी यजमानांनी निम्म्याअधिक कॅसेट एका दुकानात देऊन त्यांच्या एमपी३ करून घेतल्या. दुकानदाराने त्या १२८ केबीपीएस या कमी दर्जात केल्या आणि सगळ्या फाइलींना ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी नावे दिली. कॅसेटचा क्रमांक कुठेच लिहिला नाही, त्यामुळे कोणती फाइल कोणत्या कॅसेटची हे ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. यात मुलाने पुण्याहून वेळोवेळी आणून टाकलेला संग्रह आणि सीडींवरून उतरवलेल्या फाइली मिसळल्या. आजची एकूण संख्या ३८ हजारांच्या वर आहे आणि आकारमान सुमारे ४६० जीबी आहे.

अडचण केवळ संख्येची असती, तर मी बसून एकेक फाइल लावली असती. पण आमच्या घरात एकाच रागाला चार नावे आहेत. सासरे ‘जैजैवंती’ लिहीत, मी ‘जयजयवंती’ लिहिते, आणि मुलगा रोमन लिपीत ज्या दिवशी जसे सुचेल तसे लिहितो. उस्ताद अमीर खाँ यांच्या फाइली ‘अमीर खाँ’, ‘आमीर खान’, ‘उस्ताद अमीर खां’ आणि ‘खाँसाहेब (इंदूर)’ अशा चार ठिकाणी विखुरल्या आहेत. त्यांची मारवा आणि दरबारीची प्रसिद्ध एल.पी. आमच्याकडे चार प्रतींत आहे. त्यांतील दोन ऐकायला सारख्या वाटतात, एक किंचित चढी वाटते, आणि चौथीत खरखर आहे, पण आवाज मला तरी तिच्यातच अधिक भरीव वाटतो.

मध्यंतरी एका स्वयंचलित प्रोग्रामकडून नावे लावून पाहिली. त्याने सुमारे दोन हजार फाइलींची नावे बदलली, आणि वहीत ‘मा. हा.’ म्हणून नोंदलेल्या एका तोडीला चित्रपटगीतांच्या संग्रहाचे नाव दिले. मी घाबरून काम थांबवले. सुदैवाने आधीची प्रत होती.

फोल्डर कलाकारांच्या नावाने करावेत की रागांच्या? नावे कोणत्या लिपीत ठेवावीत? दुबार प्रतींतील कोणती ठेवावी आणि कोणती काढावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

उत्तर १ : दाखलअंक (मल्हारगंज, इंदूर)

ताई, मी एका महाविद्यालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. माझे उत्तर त्या सवयीतून आलेले आहे, त्यामुळे ते काहींना जुनाट वाटण्याची शक्यता आहे.

फोल्डर कलाकारांचे की रागांचे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. ग्रंथालयात पुस्तक आले की ते कोणत्या विषयाचे याचा विचार करण्यापूर्वी दाखल नोंदवहीत त्याला एक क्रमांक मिळतो. पुस्तक उद्या दुसऱ्या कपाटात गेले, वर्गीकरण बदलले, मुखपृष्ठ फाटले, तरी तो दाखल क्रमांक बदलत नाही. आपल्या सासऱ्यांनी हे काम करून ठेवलेले आहे. १ ते ४१२ हेच आपल्या संग्रहाचे दाखल क्रमांक आहेत, आणि दुकानदाराने नेमके तेच पुसून टाकले. म्हणून पहिले काम हे की प्रत्येक फाइलच्या नावाच्या अग्रभागी कॅसेटचा चार अंकी क्रमांक आणि बाजू यावी : ०००१-अ, ०००१-ब, याप्रमाणे ०४१२-ब पर्यंत. सुरुवातीचे शून्य गाळू नका, नाहीतर संगणक १० ला २ च्या आधी बसवील. सीडींना आणि चिरंजीवांच्या फाइलींना क्रमांकांच्या वेगळ्या मालिका द्याव्यात, म्हणजे ५००१ पासून सीडी आणि १०००१ पासून इतर. चिरंजीवांची मालिका अर्थातच पाच अंकी होईल.

यानंतर ती संपूर्ण वही लिबरऑफिस कॅल्क किंवा तत्सम तक्त्यात उतरवावी. दोन रकाने मात्र कटाक्षाने वेगळे ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहिला रकाना ‘वहीप्रमाणे’, ज्यात सासऱ्यांनी जसे लिहिले तसेच, त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घासह उतरवायचे. दुसरा ‘ऐकून’, ज्यात आज ऐकल्यावर जे निश्चित झाले ते लिहायचे. दोन्ही जुळले तर उत्तमच. जुळले नाहीत, तर पहिला रकाना दुरुस्त करायचा नाही. वहीत चूक असू शकते आणि ऐकणाऱ्याचीही होऊ शकते. दोन रकाने असले म्हणजे दहा वर्षांनी कोणाला तरी ती पुन्हा तपासता येते.

आता संक्षिप्त अक्षरांविषयी. ‘शनि. रा. का.’ म्हणजे आकाशवाणीचा शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, यात मला शंका वाटत नाही. हा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, आणि आमच्या पिढीतल्या कित्येक घरांत शनिवारी रात्री साडेनऊ वाजता रेडिओपुढे टेपरेकॉर्डर मांडून ठेवलेला असे. ‘मा. हा.’ म्हणजे मालवा हाउस, अर्थात आकाशवाणीचे आपले इंदूर केंद्र. ‘दे. प्रत’ म्हणजे देवासहून कोणाकडून तरी मिळवलेली प्रत असा माझा तर्क आहे, पण एखाद्या देशपांड्यांची प्रत असाही अर्थ निघू शकतो. म्हणून ‘दे. प्रत’ हे ‘दे. प्रत’ असेच लिहावे. स्वतःच्या अंदाजाने अक्षरे फोडून लिहिली, की काही वर्षांनी तो अंदाज होता हे आपणच विसरतो.

‘शनि. रा. का.’ या नोंदींचा एक अनपेक्षित उपयोग आहे. दिवस आणि महिना आहे, वर्ष नाही, पण वार शनिवार हे ठरलेले आहे. समजा नोंद १४ ऑगस्टची आहे आणि वहीचा काळ साधारण १९७५ ते १९९० असा आहे. या सोळा वर्षांत १४ ऑगस्टला शनिवार १९७६ आणि १९८२ या दोनच वर्षी आला होता. मागची-पुढची कॅसेट पाहिली, की बहुतेक वेळा दोहोंपैकी एक वर्ष निश्चित करता येते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आधीचे असू शकते, म्हणून ही तारीख ‘प्रसारणाची’ म्हणून लिहावी, गायनाची म्हणून नव्हे.

---

उत्तर २ : कोमल_निषाद (विजयनगर, इंदूर)

दाखलअंक काकांच्या दोन रकान्यांना माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी संगणक क्षेत्रात काम करते, म्हणून पुढची पायरी, म्हणजे फाइलींतील टॅग (गायक, शीर्षक अशी फाइलच्या आतच नोंदलेली माहिती), यावर लिहिते.

आपली फसगत झाली ती मुळात अपेक्षेमुळे. असे प्रोग्राम फाइलमधील ध्वनीचा ठसा काढून तो एका सामायिक कोशाशी ताडून पाहतात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा त्यांतला मोफत आणि चांगला प्रोग्राम आहे, आणि व्यावसायिक सीडींसाठी मी तो अवश्य वापरावा असे म्हणेन. परंतु १९७६ साली टिळकनगरातल्या एका खोलीत रेडिओवरून टेप केलेली तोडी त्या कोशात असण्याचे काही कारणच नाही. शिवाय टेपची गती थोडी जरी बदललेली असली, तरी ठसा जुळत नाही. तेव्हा कॅसेटचा भाग या प्रोग्रामांपासून पूर्णपणे दूर ठेवावा आणि त्याचे टॅग आपल्या तक्त्यावरूनच भरावेत. एमपीथ्रीटॅग या प्रोग्राममध्ये शेकडो फाइलींचे टॅग एका वेळी भरता येतात, फाइलच्या नावातून टॅग आणि टॅगवरून फाइलचे नाव असे दोन्ही करता येते, आणि एखाद्या रकान्यातील एक शब्द सर्व फाइलींत एकदम बदलताही येतो.

दुसरी अडचण अशी की टॅगचे रकाने तीन मिनिटांच्या गाण्याला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. गायक, अल्बम, गाण्याचे नाव, संगीतकार, वर्ष, एवढ्यावर त्यांचे जग संपते. आपल्याकडे राग, ताल, बंदिश, साथीदार आणि मैफलीचे ठिकाण लागते. पुष्कळ लोक राग ‘संगीतकार’ या रकान्यात कोंबतात. हे कृपया करू नये, कारण एक दिवस नाट्यगीते आणि भावगीते लावायला घेतली, की खऱ्या संगीतकाराला जागा उरत नाही आणि यादीत यमन व मारवा हे संगीतकार होऊन बसतात. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता आकार कमी करणारे स्वरूप) फाइलमध्ये हव्या त्या नावाचा नवा रकाना करता येतो, आणि एकाच नावाचा रकाना दोनदाही ठेवता येतो. त्यामुळे एका फाइलमध्ये दोन राग असले तरी दोन्ही नोंदवता येतात. एमपी३मध्येही नवे रकाने करता येतात. संगणकावर फूबार २००० हा प्लेअर अशा रकान्यांवरून यादी लावतो; फोनवरील बहुतेक प्लेअर मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून राग शीर्षकाच्या सुरुवातीलाही लिहावा, जसे की ‘मारवा : विलंबित व द्रुत’. ही पुनरुक्ती आहे हे मान्य, पण ती उपयोगाची आहे.

अल्बमच्या जागी मैफल किंवा प्रसारण लिहावे आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. फोल्डर कलाकारांचे की रागांचे, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. टॅग नीट असले, की फोल्डर कसेही असले तरी चालते, आणि म्हणून ते काकांच्या दाखल क्रमांकाप्रमाणे ठेवावेत. राग पाहिजे तेव्हा रागाने, गायक पाहिजे तेव्हा गायकाच्या नावाने यादी मागावी.

आता लिपी. आपल्या इंदुरात हा प्रश्न विशेष नाजूक आहे, कारण आपण घरात मराठी, बाजारात हिंदी आणि फोनवर रोमन लिपी वापरतो. माझा उपाय असा : फाइलचे नाव रोमन लिपीत आणि आखूड ठेवावे, त्यात फक्त क्रमांक, गायकाचे आडनाव आणि राग असावा, टॅग मात्र देवनागरीत. गाडीतील जुन्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, आणि एमपी३ फाइलींतील आयडी३ या टॅगच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत तर शीर्षकाला जेमतेम तीस बाइट जागा असते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे दहा चिन्हांत संपूर्ण शीर्षक बसवावे लागेल, आणि त्यात मात्राही चिन्ह म्हणून मोजल्या जातात. ‘जयजयवंती’ एवढा एकच शब्द आठ चिन्हे घेतो.

रागांच्या आणि कलाकारांच्या नावांची एक प्रमाण यादी करून ती तक्त्याच्या दुसऱ्या पानावर ठेवावी. भूप की भूपाली, बागेश्री की बागेश्वरी, पुरिया की पूरिया, दरबारी की दरबारी कानडा, हे एकदाच ठरवावे आणि पुढे वाद घालू नये. ‘प्रमाण नाव’ आणि ‘इतर नावे’ असे दोन रकाने असले, की सासऱ्यांची जैजैवंतीही हरवत नाही. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेतील नावे आधाराला घेतली तर बहुतेक काम भागेल, पण कुमार गंधर्वांनी निर्माण केलेले मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, गांधी मल्हार यांसारखे राग त्यात असणार नाहीत. ते आपले आपण जोडावेत. कुमारजींचे देवास इतके जवळ असताना आपल्या संग्रहात ते नसतील असे मला वाटत नाही.

एक बारीक पण डोकेदुखीची गोष्ट सांगते. ‘ख़ान’ मधला नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ख युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक अखंड अक्षर म्हणून आणि दुसरा साधा ख अधिक नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण काही प्रोग्रामांना ती दोन निरनिराळी माणसे वाटतात. आपल्याकडे ‘अमीर खाँ’ चार ठिकाणी विखुरले आहेत, त्यांतील एखादे ठिकाण या कारणाने झालेले असू शकते. मराठीत नुक्ता आपण लिहीत नाहीच, तेव्हा तो सरसकट काढून टाकलेला बरा. चिरंजीवांच्या फाइलींत काही नावे ‘क’ च्या जागी भलतीच रोमन चिन्हे दाखवत असतील, तर ती कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली आहेत. ती फुकट मिळणाऱ्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतात.

---

उत्तर ३ : सफेद_चार

क्षमस्व, पण एवढा खटाटोप कशासाठी? प्रसिद्ध ध्वनिमुद्रणे आज सर्व संगीतसेवांवर सहज ऐकता येतात. व्यावसायिक सीडी आणि एल.पी.च्या प्रती काढून टाकाव्यात, केवळ घरगुती ध्वनिमुद्रणे जपावीत, म्हणजे ३८ हजारांचे तीन-चार हजार उरतील.

---

उत्तर ४ : दाखलअंक

आपल्या म्हणण्यातील एक भाग मला पटतो. वेळ आणि श्रम आधी घरगुती ध्वनिमुद्रणांवरच खर्चावेत, कारण ती दुसरीकडे कोठेही नाहीत. परंतु सेवांवरील ध्वनिमुद्रण आज आहे आणि उद्या करार संपला की नाही, हा अनुभव आपल्यालाही आला असेल. शिवाय तेथे साथीदारांची नावे आणि मूळ प्रकाशनाचे वर्ष बहुधा सापडत नाही; पन्नास वर्षांपूर्वीच्या एल.पी.वर ती सीडी निघाल्याचे वर्ष लिहिलेले मी कितीदा तरी पाहिले आहे. ताईंनी सीडींना हात लावू नये, त्यांचे काम शेवटी करावे.

---

उत्तर ५ : जुना_डेक (इंदूर)

मी अनेक वर्षे ध्वनिक्षेपण आणि टेप दुरुस्तीचे काम केले आहे. टॅगविषयी वरील दोघांनी उत्तम लिहिले आहे. मी केवळ आवाजाविषयी बोलतो.

ताई, कॅसेट अद्याप कपाटात असतील तर दुकानदाराच्या १२८ केबीपीएसच्या फाइलींवर एक तासही खर्च करू नका. कॅसेट पुन्हा उतरवा. चांगल्या स्थितीतला एक डेक, हेड व रोलर स्पिरिटने पुसलेले, आणि संगणकाला जोडायचा साधा ऑडिओ इंटरफेस एवढे पुरते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट अशी आहे. आपल्या कामाला तेवढे पुष्कळ झाले. अशा एका तासाला मूळ स्वरूपात सुमारे एक जीबी जागा लागते, फ्लॅक केल्यावर ती बऱ्यापैकी कमी होते. ४१२ कॅसेट नव्वद मिनिटांच्या धरल्या तरी ६१८ तास होतात, म्हणजे एक टीबीच्या डिस्कमध्ये सारे बसते. वेळ मात्र वाचवता येत नाही : ६१८ तासांची कॅसेट ६१८ तासच वाजते. रोज एक कॅसेट धरली तर वर्षाच्या थोडे वर.

प्रत्येक कॅसेट लावण्यापूर्वी हेडचा कोन पाहावा. डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. आवाज एकमार्गी (मोनो) करून ऐकत तो किंचित फिरवला, की एका ठिकाणी तंबोऱ्याची झार एकदम उजळते. ज्या यंत्रावर टेप मूळ मुद्रित झाली त्याच्या हेडचा कोन तो. दुकानात हे कोणी करत नाही, आणि म्हणूनच उतरवलेल्या कॅसेटी घोंगडे पांघरल्यासारख्या वाजतात.

आता आपल्या ‘किंचित चढ्या’ मारव्याविषयी. टेपची गती सहा टक्क्यांनी वाढली, की गाणे जवळजवळ बरोबर अर्ध्या स्वराने वर जाते. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीचा गायक पांढरी दोनवर ऐकू येतो आणि पंचेचाळीस मिनिटांची बाजू साडेबेचाळीस मिनिटांत संपते. रागाचे नाव टॅगमध्ये अचूक आणि स्वर मात्र अर्ध्याने चढा, असा संग्रह मी तरी लावलेला म्हणणार नाही. तंबोरा, तबला, हार्मोनियम सगळे बरोबरच चढतात, त्यामुळे त्यांच्यावरून चूक पकडता येत नाही. घरगुती टेपमध्ये मात्र एक साक्षीदार दडलेला असतो, तो म्हणजे विजेची घुरघुर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि मुद्रण करतानाच तिचा हलका गुंजारव टेपवर उतरतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये शांत जागेचा वारंवारता-आलेख काढून पाहावा. तेथे शिखर ५३ हर्ट्झवर दिसले, तर टेप सहा टक्के जास्त वेगाने वाजते आहे. तितकी गती कमी करावी. दोन शिखरे दिसली, तर बरोबर ५० वरचे आजच्या डेकचे असते आणि दुसरे जुन्या मुद्रणाचे. त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारता ५० च्या खालीही घसरत असे, म्हणून टक्का-दीड टक्क्याच्या फरकावरून गती बदलू नये. दुरुस्त केलेली प्रत वेगळी ठेवावी आणि मूळ उतरवलेली फाइल तशीच राहू द्यावी. किती टक्के बदल केला ते तक्त्यात लिहावे.

एल.पी.च्या चार प्रतींपैकी कोणती ठेवावी? आधी तंतोतंत एकच असलेल्या प्रती एमडी५ बेरजेवरून (फाइलच्या आशयावरून काढलेल्या ओळख-अंकावरून) शोधाव्यात आणि त्यांतील जादा बिनदिक्कत काढाव्यात. त्यासाठी अनेक मोफत प्रोग्राम आहेत. उरलेल्या प्रती कानांनीच ठरवाव्या लागतात. स्पेक नावाच्या प्रोग्राममध्ये फाइलचे चित्र पाहिले आणि आवाज १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा थांबत असेल, तर ती फाइल नावाने फ्लॅक असली तरी जन्माने १२८ ची एमपी३ आहे. ही कसोटी सीडीवरून आलेल्या फाइलींनाच लावावी. घरगुती कॅसेटचा आवाज बहुधा त्या आधीच विरतो, आणि मध्यम लहरींवरून टेप केलेला रेडिओ तर त्याहून कितीतरी खाली, त्यामुळे तेथे हे चित्र काहीच सांगत नाही. खरखर असलेली पण भरीव वाटणारी प्रत मी ठेवली असती. खरखर काढणारे प्रोग्राम पुष्कळदा तिच्याबरोबर तंबोराही काढून नेतात.

एक शेवटचे. फ्लॅक फाइलमध्ये आतील ध्वनीची एमडी५ बेरीज साठवलेली असते, त्यामुळे फाइल खराब झाली आहे का हे केव्हाही तपासता येते. वर्षातून एकदा सगळ्या फाइली तपासाव्यात. आणि प्रती तीन असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी.

---

अनाहत (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला चार महिने लागले, कारण काम सुरू केले होते.

वही तक्त्यात पूर्ण उतरली. त्यालाच सहा आठवडे गेले, कारण सासऱ्यांचे ‘पू’ आणि ‘पु’ ओळखायला सासूबाईंना शेजारी बसवावे लागत होते. ‘शनि. रा. का.’ च्या ५७ नोंदींपैकी ४१ ची वर्षे दाखलअंक काकांच्या पद्धतीने निश्चित झाली. उरलेल्यांत बहुधा तारीख दुसऱ्या दिवशी आठवणीने लिहिलेली असावी, कारण मागच्या-पुढच्या कॅसेटींवरून संभाव्य ठरणाऱ्या कोणत्याही वर्षी ती शनिवारी येत नाही. ती ‘वहीप्रमाणे’ या रकान्यात तशीच ठेवली आहे.

‘दे. प्रत’ चा उलगडाही झाला. ती देवासची नाही आणि देशपांड्यांचीही नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘देवळातली प्रत’. गणेशोत्सवात देवळाच्या सभामंडपात जे गाणे होई, ते तेथील टेपरेकॉर्डरवर मुद्रित होत असे आणि सासरे त्याची प्रत करून आणत. काकांचे ऐकून मी ‘देवास’ असे लिहिले नाही, हे फार बरे झाले.

कॅसेट पुन्हा उतरवण्याचे काम ९३ पर्यंत आले आहे. जुना_डेक यांनी सांगितलेला स्क्रू फिरवताना पहिल्यांदा हात थरथरला, पण तंबोरा उजळतो म्हणजे काय, ते एकदा ऐकल्यावर पुन्हा सांगावे लागत नाही. विजेच्या घुरघुरीवरून अकरा कॅसेटींची गती दुरुस्त केली. देवळातल्या प्रतींत सगळ्यांत जास्त फरक निघाला, ५० च्या जागी ५२ पर्यंत. एल.पी.च्या चार प्रतींपैकी दोन तंतोतंत एकच निघाल्या आणि एक काढून टाकली. चढी वाटणारी तिसरी प्रत सीडीवरची म्हणून मुलाने आणली होती. स्पेकमध्ये ती १६ किलोहर्ट्झवर कापलेली दिसली. खरखरीची ठेवली आहे. मुलगा दिवाळीला आला होता, त्याच्याबरोबर एक डिस्क पुण्याला पाठवली.

दोन शंका उरल्या आहेत. देवळातल्या मैफलींत दोन रागांच्या मध्ये पाच-पाच मिनिटे नुसते बोलणे आहे : तंबोरे जुळवणे, कोणीतरी चहा विचारणे, लहान मुलांचा गलका. ते कापावे का?

दुसरी शंका जरा वेगळी आहे. कॅसेट क्रमांक ८८ ची ब बाजू वहीत ‘रिकामी’ आहे. प्रत्यक्षात तिच्यावर सतरा मिनिटे एका बाईंचे भजन आहे, साथीला काहीच नाही, मागे स्वयंपाकघरातली भांडी वाजतात. सासूबाईंना ऐकवले तेव्हा त्यांनी आवाज आपलाच असल्याचे सांगितले, आणि लगेच असेही सांगितले की नाव मात्र कुठे लावू नकोस, नातवाच्या फोनवर दिसेल. आता ‘कलाकार’ या रकान्यात काय लिहावे?

---

कोमल_निषाद

मध्यंतरीचे बोलणे कापू नये. मूळ फाइल अखंड ठेवून तिच्यासोबत एक क्यू शीट करावी, म्हणजे कोणता राग कोणत्या मिनिटाला सुरू होतो याची लहानशी मजकूर-फाइल. फूबार २००० ती वाचून प्रत्येक राग स्वतंत्र असल्यासारखा दाखवतो, आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. फोनसाठी हवे असल्यास क्यू शीटवरूनच तुकड्यांची वेगळी प्रत काढता येते.

---

दाखलअंक

८८-ब : ‘वहीप्रमाणे’ या रकान्यात ‘रिकामी’ असेच राहू द्यावे. ‘ऐकून’ या रकान्यात ‘भजन, स्त्रीस्वर, घरगुती, १७ मिनिटे’ असे लिहावे. फाइलच्या टॅगमध्ये कलाकाराच्या जागी ‘घरगुती’ एवढेच असावे, म्हणजे फोनवर तेवढेच दिसेल. नाव तक्त्यातील एका वेगळ्या रकान्यात, तोही त्यांना विचारून. त्या नाही म्हणाल्या तर तो रकाना रिकामा ठेवावा.